रोज भरून निघणारी तूट

ज्या गळतीची भरपाई रोज आपोआप होत असते, ती ध्यानात येण्यास फार विलंब लागतो. मूळ बार्शीच्या व सध्या नोकरीनिमित्त इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे राहणाऱ्या एका गृहस्थांच्या जुन्या लँड रोव्हर डिस्कव्हरी गाडीचे असेच झाले. रात्री दारात उभी केलेली गाडी सकाळी मागच्या डाव्या अंगाला खाली बसलेली दिसे. इंजिन सुरू केले की गाडीखालून घरघर ऐकू येई आणि थोड्या वेळात गाडी पुन्हा सरळ उभी राही. सरळ उभ्या राहिलेल्या गाडीविषयी तक्रार ती काय करायची, अशा विचारात तीन महिने गेले.

गाडी डिस्कव्हरीच्या दुसऱ्या पिढीची होती. ही पिढी १९९८ ते २००४ या काळात कॉव्हेंट्रीपासून फार दूर नसलेल्या सॉलिहल येथील कारखान्यात तयार झाली. (पुढे २००८ मध्ये ही कंपनी टाटा मोटर्सच्या मालकीची झाली, ही गोष्ट मात्र घरात मोठ्या अभिमानाने सांगितली जाई.) या पिढीच्या गाड्यांना पुढे पोलादी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असतात, सात आसनांच्या गाड्यांना मागे बहुधा हवेच्या. हवेची स्प्रिंग म्हणजे जाड रबराची हवाबंद पिशवी. ती खाली एका नळकांड्यावर दुमडून बसते. गाडी खाली-वर झाली की ही दुमड नळकांड्यावरून सरकत राहते. मागे माणसे बसली, सामान भरले आणि गाडी दबली, की दोन्ही बाजूंचे सेन्सर ते ओळखतात. कॉम्प्रेसर पिशव्यांत हवा भरतो आणि गाडी पूर्ववत समतल होते. पण वर्षानुवर्षे सरकून दुमडीच्या जागी रबराला बारीक चिरा पडतात. हवा तेथून झिरपू लागते.

त्या उन्हाळ्यात वडील, म्हणजे आप्पा, मुलाकडे आले होते. चाळीस वर्षे आडत दुकान चालवलेल्या माणसाला यंत्रातले फारसे कळत नव्हते. तूट मात्र लगेच कळे. दोन सकाळी त्यांनी घरघर ऐकली आणि विचारले, "अरे, ही रोजची भर कोणाच्या खात्यावर पडते?"

"कॉम्प्रेसरच्या, आप्पा."

"आणि तो बसला म्हणजे?"

कॉम्प्रेसरची किंमत एका पिशवीच्या कितीतरी पट होती. अधूनमधून थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेले ते यंत्र गळक्या पिशवीमुळे पुन्हा पुन्हा चालत होते. शिवाय वार्षिक सरकारमान्य तपासणी जवळ आली होती आणि गळकी स्प्रिंग तीत उत्तीर्ण होण्याजोगी नव्हती. त्यानंतर सात जणांनी वेल्सला जाण्याचे ठरले होते.

निर्णय सोपा नव्हता. हवेच्या स्प्रिंगा काढून तेथे पोलादी स्प्रिंगा बसवणारे पुष्कळ आहेत. पोलादाला गळती नाही, कॉम्प्रेसरची चिंता नाही. परंतु पोलादी स्प्रिंग एका ठरावीक भारासाठी निवडावी लागते. रिकाम्या गाडीला ती ताठ वाटते, भरलेल्या गाडीला अपुरी. ज्याच्या घरी मागची दोन आसने खरोखर वापरली जातात, त्याने हवेचीच व्यवस्था राखावी हे अधिक योग्य. दुसरा प्रश्न एक पिशवी घ्यावी की दोन. उजवी अजून शाबूत दिसत होती आणि एकीवरच भागवण्याचा मुलाचा विचार होता. आप्पांनी इतकेच विचारले, "दोन्ही एकाच दिवशी बसवल्या होत्या ना?" जोडी मागवली गेली.

कामाचा सर्वांत कठीण भाग पिशव्या काढण्यात नव्हता, गाडी सुरक्षितपणे उचलण्यात होता. या गाडीचा हातब्रेक चाकांवर लागत नाही, गिअरबॉक्सच्या मागील बाजूस शाफ्टवर लागतो. मागचे एक जरी चाक जमिनीवरून सुटले, तरी डिफरन्शियलमुळे गाडी घरंगळू शकते. म्हणून सपाट जागा निवडून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावण्यात आले. मग चॅसीखाली लोखंडी घोड्या ठेवायच्या. तेथे आप्पांनी हात अडवला. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकण्याची तिकडे पद्धत आहे आणि या गाड्यांच्या चॅसीचा मागील भाग त्यामुळे हमखास गंजतो. मडके घेताना वाजवून पाहावे, तशी आप्पांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चॅसी वाजवत नेली. एका ठिकाणी आवाज बद्द आला. टोचताच लोखंडाचे पापुद्रे गळाले. घोडी नेमकी तेथेच लागणार होती. त्या पुढे, निकोप लोखंडाखाली सरकवण्यात आल्या, आणि तोपर्यंत मुलाला गाडीखाली जाऊ दिले गेले नाही. गंजलेल्या जागी वेल्डिंग करून घेण्याचे त्याच वेळी ठरले.

पुढचे काम भराभर झाले. हवेची नळी सावकाश सैल करून दाब सोडला, वरचे दोन चिमटे काढले, पिशवी खालच्या बैठकीतून फिरवून सोडवली. डाव्या पिशवीची दुमड बोटांनी ताणताच चिरा उघडल्या. उजवीही ताणून पाहिली, तर तिच्यातही तशाच चिरा होत्या, थोड्या उथळ. आप्पा त्यावर काही बोलले नाहीत.

नवी पिशवी बसवल्यावर एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. हवा भरण्याआधी गाडीचा भार तिच्यावर टाकायचा नाही; रिकामे रबर वाकडे दुमडले तर नवी पिशवीही लवकर फाटते. चॅसी घोड्यांवरच ठेवून एक्सल जॅकने किंचित वर उचलला, म्हणजे गाडी दबली आहे असे सेन्सरला वाटते आणि कॉम्प्रेसर हवा भरू लागतो. पिशव्या गोल फुगल्या, दुमड सारखी बसली. साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड पाहिला. एका नळीच्या तोंडाशी बुडबुडे आले. नळी काढून तिचे टोक सरळ कापले, पुन्हा घट्ट बसवले, तेव्हा ते थांबले. मग चाके चढवून गाडी खाली घेतली.

त्या रात्री आप्पांनी चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजून एका कागदावर लिहून ठेवले. सकाळी आणि त्यापुढच्या सकाळी, इंजिन सुरू होण्याआधी, त्यांनी ते पुन्हा मोजले. आकडे जसेच्या तसे होते. सोमवारी मुलाने वेल्डिंगवाल्याला दूरध्वनी केला.