आत्याचा लाकडी पेला

माझी आत्या लग्न होऊन देवासला गेली, त्याला पन्नास वर्षे होतील. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने, त्यामुळे माळव्यात आजही मराठी कानी पडते. यंदा सौ. बरोबर होती. ती धारवाडची.

आत्याच्या ओट्यावर विजयसाराचा लाकडी पेला होता. रात्री पाणी भरायचे, सकाळी तांबूस झालेले ते पाणी अनशापोटी प्यायचे. "मधुमेहावर चांगलं," आत्या म्हणाली. सौ.ने पेला निरखला. "अहो, हे तर आमचं होन्ने!" आपला बिबळा तो हाच.

दुसऱ्या दिवशी धारला गेलो. बाजारात जडीबुटी विकणाऱ्या बाईंनी गुडमारचे पान चघळायला दिले. त्यावर गुळाचा खडा तोंडात टाकला, तर वाळू चावल्यासारखे वाटले! मधुनाशिनी हे नाव उगाच नाही. जांभळाच्या बिया आणि मेथी तिथेही होत्या. कारल्याचे म्हणाल, तर आपल्याकडे हागलकायीचे गोज्जु घरोघरी होतेच.

देवासला परतलो, तेव्हा आत्याच्या टाचेची जखम दिसली. महिना झाला, भरत नव्हती.

"गोळ्या घेतेस ना?"

"सोडल्या रे. पेला आहे ना!"

तपासले, तर उपाशीपोटी साखर २८०.

विजयसार खोटा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नव्याने मधुमेह झालेल्यांवर त्याची चाचणी घेतली होती. १९९८ च्या अहवालात ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आल्याची नोंद आहे. पण ते मोजून दिलेले औषध होते, तपासणी चालणारे रुग्ण होते. पेल्यात किती उतरते, कोण मोजतो? आणि मेटफॉर्मिनच्या गोळीचे मूळही युरोपातल्या एका झुडपातच आहे.

आत्याला हे पटेना. शेवटी कुमार गंधर्व कामी आले. आपल्या सुळेभावीचे कुमार क्षयाने आजारी पडून १९४८ साली कोरड्या हवेसाठी देवासला आले. "हवा होतीच आत्या, पण स्ट्रेप्टोमायसीनही घेतलंच ना त्यांनी?"

आत्या गप्प झाली. मग डॉक्टरांकडे आली. पेल्याचेही त्यांना सांगितले, कारण दोन्हींनी मिळून साखर फार उतरू शकते.

आता ओट्यावर पेल्याशेजारी गोळ्यांची डबी असते. जखम भरत आली आहे.