तांबडी शाई

घरीं मुलांस शिकवावयाचें असें एकदां ठरविलें, कीं आईबापांस आपल्या अज्ञानाची ओळख हप्त्याहप्त्यानें होऊं लागते. गणितांत ती लौकर होते आणि पुस्तकाच्या शेवटीं दिलेलीं उत्तरें पाहून झांकतांही येते. भूगोलांत ती प्रवासाच्या गोष्टींखालीं दडवितां येते. लेखनांत मात्र तिला लपावयास जागा नाहीं. कारण तेथें उत्तरें कोठेंच छापलेलीं नसतात. आमच्या गांवाचें नांव पेण असल्यामुळें ‘पेणच्या मुलांना पेन धरावयास अडचण कसली?’ असा विनोद आमचे एक स्नेही नेहमीं करितात. गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हीही त्यावर हंसत होतों.

आमचीं दोन मुलें, थोरला दहा वर्षांचा व धाकटी सात वर्षांची, शाळेंत जात नाहींत. २०२० सालच्या टाळेबंदींत थोरल्याची अक्षरओळख घरींच झाली. पुढें शाळा उघडल्या, पण घरचा परिपाठ मोडवेना. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं आहे आणि घरच्या शिक्षणाची स्वतंत्र तरतूद त्यांत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. चौदा वर्षें पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा देतां येते, हेंही ठाऊक आहे. तरी बाजारांत भेटणाऱ्या प्रत्येक हितचिंतकास हें सारें समजावून सांगतांना आमच्या मनाचा एक कोपरा धास्तावलेलाच असतो. चूक झाली, तर ती शाळेच्या माथीं मारतां यावयाची नाहीं. त्या धास्तीपोटीं लेखनाच्या विषयांत आम्हीं जो उद्योग केला, तो आज वाचकांस सांगावयाचा आहे.

आमची जुनी पद्धत अगदीं साधी होती. लहानपणीं जे विषय आम्हांस मिळाले, तेच आम्हीं मुलास दिले: ‘पावसाळ्यांतील एक दिवस’, ‘वृक्षाचें मनोगत’, ‘मी पंतप्रधान झालों तर’. त्यानें दहा ओळी लिहावयाच्या, आम्हीं तांबड्या शाईनें त्या दुरुस्त करावयाच्या, आणि मग त्यानें तें सारें चांगल्या अक्षरांत उतरून काढावयाचें. ती शाई उभयतांपैकीं कोणाच्या हातांत अधिक वेळ असे, हा प्रश्न घरगुती असल्यामुळें येथें सोडून देतों. ती ऱ्हस्व-दीर्घांपासून सुरू होई, तेथून शब्दांवर जाई, शब्दांवरून वाक्यांवर, आणि शेवटीं ‘येथें एखादी उपमा हवी’ म्हणून समासांत एक उपमाही येऊन बसे. वही पाहण्यासारखी दिसे. मुलगा मात्र लेखनाची वेळ झाली, कीं पाणी प्यावयास उठे. आणि एकदां उठला म्हणजे अर्धा तास त्याची तहान भागत नसे.

आषाढांत त्याच्या पावसाच्या निबंधाची प्रत आम्हीं मोठ्या हौसेनें रोह्यास त्याच्या आजीकडे पाठविली. पुढें आगगाडीनें तिच्याकडे गेलों, तेव्हां तिनें तो कागद शेजारणीस दाखवून नातवाचें कौतुक आरंभिलें. आकाशानें काळी घोंगडी पांघरली होती, हें वाक्य तिला विशेष आवडलें होतें. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “तो निबंध माझा नाहीं, आजी. तो आईबाबांचा आहे. मीं नुसता उतरवला.”

त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. अंगांतला सदरा मामेभावाचा आहे, असें सांगावें तितक्या सहजपणें तो बोलला; आणि तेंच आम्हांस लागलें. तो रागानें बोलता, तर समजूत काढतां आली असती. आपल्या नांवाखालचें लेखन आपलें नसतें, हें त्यानें दहाव्या वर्षीं मुकाट्यानें मान्य केलें होतें, आणि तें आम्हींच त्यास शिकविलें होतें. त्या संध्याकाळीं कुंडलिकेच्या कांठीं आम्ही उभयतां बराच वेळ बसलों. पण बोलणें फारसें झालें नाहीं.

परत आल्यावर आम्हीं प्रथम आपल्याकडील जुनी रीत आठवून पाहिली. पंतोजींच्या शाळेंत मूल धूळपाटीवर बोटानें अक्षरें गिरवी आणि मग कित्त्यावर हात बसवी. समर्थांनीं तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसच दिला आहे. अक्षराचें वळण कसें असावें, ओळींत अंतर किती राखावें, लेखणी व शाई कशी असावी, इतका बारीक विचार त्यांत आहे. तो वाचतांना आमची चूक आमच्या ध्यानांत आली. कित्ता घालून द्यावयाचा तो अक्षराचा. आम्हीं मुलास अक्षराचा कित्ता कधीं नीट घालून दिला नाहीं आणि मनाचा मात्र रोज घालून दिला.

मग बाहेरचेंही पाहिलें. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंनीं घरच्या शिक्षणावर १८८६ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. लहान मुलाकडून निबंध लिहवून घेऊं नयेत. त्यानें चांगला उतारा एकदां लक्ष देऊन ऐकावा आणि तो आपल्या शब्दांत तोंडीं सांगावा, असा त्यांचा आग्रह होता. टॉलस्टॉयनें १८६२ सालीं लिहिलेल्या एका लेखाचें तर नांवच आमच्यासारख्यांस शरमविणारें आहे: शेतकऱ्यांच्या मुलांनीं आपणांपासून लिहावयास शिकावें, कीं आपण त्यांच्यापासून? यास्नाया पोल्याना येथील आपल्या शाळेंत त्यानें मुलांस एका म्हणीवर गोष्ट लिहावयास सांगितली. चमच्यानें भरवावें आणि त्याच्याच दांड्यानें डोळ्यांत खुपसावें, अशा अर्थाची ती रशियन म्हण. मुलें म्हणालीं, तुम्हींच लिहा. तो लिहूं लागला, तशीं मुलें त्याच्या पाठीमागें जमून त्याच्या चुका काढूं लागलीं. शेवटीं तीं सांगत गेलीं आणि तो लिहीत गेला. ती म्हण वाचून आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. भरविणें आणि खुपसणें हीं दोन्ही कामें आमची तांबडी शाई एकाच बैठकींत उरकीत होती.

श्रावणाच्या पहिल्या सोमवारीं नवा क्रम सुरू झाला. त्याचे भाग तीन. पहिला कित्ता: रोज दहा मिनिटें चांगल्या पुस्तकांतील चार ओळी जशाच्या तशा उतरावयाच्या, वळण, विरामचिन्हें व ऱ्हस्व-दीर्घ यांची सारी काळजी येथेंच घ्यावयाची. दुसरा श्रुतलेखन: तें आठवड्यांतून दोनदां, आणि तेंही मुलानें आधीं नीट पाहून ठेवलेल्या उताऱ्याचें, अनोळखी शब्द घालून त्यास पकडावयाचें नाहीं. तिसरा कथन: पाहिलेलें किंवा ऐकलेलें तोंडीं सांगावयाचें. धाकटीचें आम्हीं उतरून घ्यावयाचें. थोरल्यानें आठवड्यांतून एकदां आपलें आपण लिहावयाचें. या तिसऱ्या वहीस तांबडी शाई लावावयाची नाहीं. तींत वारंवार येणारी एकच चूक आम्हीं ध्यानांत ठेवावी आणि तो शब्द पुढच्या आठवड्याच्या कित्त्यांत आणावा, एवढाच आमचा अधिकार.

कागदावर हें फार सुरेख दिसलें. पहिल्या दिवशीं थोरल्यास एक गोष्ट वाचून दाखविली आणि ‘आतां सांग’ म्हटलें, तों त्यानें विचारलें, “काय सांगायचं असतं?” बरोबर उत्तर कोणतें, हें तो आमच्या चेहऱ्यावर शोधीत होता. आठवडाभर त्याची मजल दोन वाक्यांपुढें गेली नाहीं. धाकटीचें उलट; ती बोलूं लागली, कीं लिहिणाराचा हात दुखून येई. तिसऱ्या दिवशीं तिनें गल्लींतल्या गणपतीच्या कारखान्यांत पाहिलेल्या शाडूविषयीं सांगितलें. उतरून घेतलेलें तिला वाचून दाखवितांच ती म्हणाली, “मी असं नव्हतं म्हटलं.” ती म्हणाली होती, मातीला घाम आला होता. आम्हीं लिहिलें होतें, माती ओलसर होती. तांबडी शाई खणांत बंद होती. पण तिची खोड निळ्या शाईंतून आमच्या हातीं परत आली होती. आम्हीं आपलें वाक्य खोडून तिचें लिहिलें. त्या वहींतली पहिली दुरुस्ती ही अशी झाली; ती मुलीनें केली, आणि चूक आमची होती.

घाम आलेली ती माती पाहावयास दुसऱ्या दिवशीं थोरलाही गेला. पेणेस मूर्तींचें काम बारा महिने चालतें; पण श्रावणांत रंगाऱ्यांच्या हाताला उसंत नसते. शाडूच्या व प्लास्टरच्या मूर्ति ओळीनें मांडलेल्या असतात; कोणी सांधे पुशीत असतो, कोणी घासून अंग गुळगुळीत करीत असतो, कोणी पांढरा हात देत असतो. अंगाचा रंग, पितांबर, दागिने असें करीत करीत काम पुढें सरकतें. डोळ्यांची आखणी सर्वांच्या शेवटीं. आणि ती कारखान्यांतला जाणता माणूसच करितो. एका साच्यांतून कितीही मूर्ति निघोत, डोळे मात्र प्रत्येकीचे नव्यानें काढावे लागतात. मुलगा दिवेलागणीपर्यंत तेथें बसून होता.

रात्रीं पानावर बसल्यावर तो बोलूं लागला. ताक भुरकण्यापुरता थांबे आणि पुन्हां सुरू होई. आमटी निवाली, तरी त्याचें संपेना. कोणी ‘आतां सांग’ म्हटलें नव्हतें. आठवडाभर आम्ही त्याला आम्हांस ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हां सांगावयास लावीत होतों, आणि तो त्यांत आमचीं उत्तरें शोधीत होता. त्या रात्रीं त्याच्यापाशीं असें कांहीं होतें, कीं जें आम्हीं पाहिलें नव्हतें. ऐकणारास ठाऊक नाहीं, हें कळल्याबरोबर त्याची वाचा मोकळी झाली. आमच्या तिन्ही भागांच्या सुबक अभ्यासक्रमांत हें कलम घालावयाचें राहूनच गेलें होतें.

रविवारीं त्यानें आपण होऊन नऊ ओळी लिहिल्या. मूर्ति हा शब्द तीन ठिकाणीं तीन तऱ्हांनीं लिहिला होता. उपमा एकही नव्हती. एक वाक्य असें होतें, कीं डोळे काढतांना काका श्वास घेत नाहींत. आम्हांस त्या कारखान्यावरून जातां-येतां इतकीं वर्षें झालीं. हें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. हात खणाकडे एकदां गेला, हें कबूल करितों. पुढच्या आठवड्यांत मूर्ति हा शब्द कित्त्यांत चारदां आला. वही जशीच्या तशी राहिली.

तिसऱ्या आठवड्यांत मुलांस घेऊन गागोद्यास गेलों. विनोबांचा जन्म १८९५ सालीं याच तालुक्यांतल्या या गांवीं झाला. तेथें आम्हीं मुलांस गीताईची हकीकत सांगितली: संस्कृत गीता समजत नाहीं म्हणून मराठी गीता असावी, ही विनोबांच्या आईची इच्छा, १९१८ सालीं झालेला तिचा मृत्यु, आणि पुढें बारा वर्षांनीं, १९३० सालीं, विनोबांनीं गीताई लिहावयास केलेला आरंभ. थोरल्यानें विचारलें, “म्हणजे त्यांच्या आईनं ती वाचलीच नाहीं?” नाहीं, असें म्हणून आम्ही गप्प बसलों. यावर कांहीं तात्पर्य सांगावयाचा मोह झाला होता. पण अलीकडे आम्हीही थोडे शिकलों आहों.

घरीं आल्यावर त्यानें कागद घेतला आणि रोह्यास आजीला पत्र लिहिलें. आम्हांस तें दाखविलें नाहीं. पाकीट स्वतःच चिकटविलें. परीक्षेस अजून चार वर्षें आहेत. निबंधाला गुण असतात आणि अशुद्ध लेखनाचे ते जातात, हें आम्हांस त्या क्षणींही आठवलें. धास्ती अशी एका श्रावणांत जात नाहीं. पण तें पाकीट आम्हीं उघडलें नाहीं.

चतुर्थीच्या आधीं आजीचें उत्तर आलें. तें मात्र मुलानें मोठ्यानें वाचून दाखविलें. या खेपेस कौतुकाचें एक अक्षर त्यांत नव्हतें. तिनें विचारलें होतें: श्वास धरला आणि तरीही हात हलला, तर तुझे काका काय करितात? मुलानें पत्राची घडी घातली, क्षणभर विचार केला, आणि चपला घालून तो कारखान्याकडे गेला. संध्याकाळीं परत आल्यावर तो लिहावयास बसला. बाहेर पाऊस पडत होता; शेवटची ओळ होईपर्यंत तो पाणी प्यावयास उठला नाहीं.