शेवंतीची पेटी

शेवंतीला जग जिभेनं कळायचं. दावं, खुंटी, आजीचा पदर, काहीही समोर आलं की आधी चाटायचं, मग चावायचं. संगमनेरी जातीची पाट. पांढरीशुभ्र, कान लांब, लोंबते. प्रवरेकाठी ही जात दुधालाही पाळतात आणि मटणालाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात तिच्यावर संशोधन होत आलं आहे.

तिची आई आटली, म्हणून शेवंती बाटलीवर वाढली. पडवीत तिच्यासाठी अण्णांनी जुन्या फळ्यांची पेटी ठोकली. आमच्याकडे पाऊस बेताचा, पण भाद्रपदात यायचा तो तिरपा, थेट पडवीत. पावसाहून मूत वाईट. ते फळीत मुरतं, अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि करडांची छाती भरते. लाकडाला काहीतरी लावणं भाग होतं.

शेजारच्या काकांनी डांबर सुचवलं. अण्णा म्हणाले, "ही चाटणार. डांबर नको." बरोबर होतं ते, कोळशाच्या डांबरात फिनॉलसारखी विषं असतात. ऑइलपेंटचा जुना डबाही त्यांनी बाजूला सारला, कारण तेव्हाच्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत 90 पीपीएमहून जास्त शिसं नको, हा नियम लागू झाला तो 2017 च्या नोव्हेंबरात. पेटी त्याच्या कितीतरी आधीची. शेंदूरही नको, तो तर शिशाचंच ऑक्साइड.

शेवटी आलं जवसाचं तेल, तेही कच्चं. 'उकळलेलं' म्हणून मिळतं, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. कच्चं तेल हवेतला ऑक्सिजन घेत लाकडातच घट्ट होतं, त्याला वेळ लागतोच. एक पातळ हात, भरपूर ऊन, मग दुसरा हात. सांध्यांत त्याच तेलात खडूची भुकटी मळून केलेली लांबी. तेलाच्या चिंध्या अण्णा कुंपणावर पसरायचे. बोळा करून टाकल्या तर त्या आपोआप पेट घेतात. पेटी वाळेपर्यंत शेवंती आजीच्या खाटेला बांधलेली. आजी रोज फळीला नाक लावायची. "वास येतोय अजून. लेकरू नाही ठेवायचं यात."

पुढे शेवंती गोठ्यात गेली, पण वेणा सुरू झाल्या की पडवीकडे ओढ घ्यायची. बहुतेक वेळा जुळी द्यायची. म्हातारपणी दात झिजले, चावणं सुटलं, चाटणं नाही. पेटीच्या वरच्या कडेवरचं तेल तिच्या जिभेनं उतरायचं आणि अण्णा दर दिवाळीनंतर तेवढीच कड पुन्हा तेलवायचे. एका थंडीत ती म्हातारपणानंच गेली.

आता तिच्या वंशातल्या करडांसाठी नवी पेटी मी केली आहे. बाहेरच्या सांध्यांत सिलिकॉन भरतो, मत्स्यटाकीचं. न्हाणीघरासाठी बुरशीनाशक घातलेलं मिळतं, ते जनावराजवळ नको. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्याखेरीज करडू आत सोडत नाही. आतल्या बाजूला, जिथे दात पोचतात, तिथे अजूनही जवस आणि लांबीच.