पासबुक भरून आण, कोहेन

सगळे ओळीने ऐकले. २००१ ते २०१९, सहाच्या सहा अल्बम, रोज रात्री एक. एकाही गाण्यात त्या बाईला शिवी नाही. शिवी सोडा, साधा टोमणा नाही. आयुष्यभराची कमाई गेलेला माणूस असा कसा गप्प राहतो, हे मला अजून पचलेलं नाही.

माणूस म्हणजे लेनर्ड कोहेन. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा, जन्म १९३४चा. आधी कवी, मग कादंबरीकार, आणि तिशी उलटल्यावर गायक. 'हालेलूया' तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल, ते याचं. मी फोर्टात नोकरीला असताना काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून 'आय अ‍ॅम युअर मॅन'ची कॅसेट घेतली होती आणि विरार फास्टमध्ये वॉकमनवर ती झिजवली होती. पुढे टेप गुंतली, मुलांच्या फिया सुरू झाल्या, कोहेन मागे पडला. गेल्या दिवाळीत भाच्याने फोनमध्ये गाण्यांचं अ‍ॅप टाकून दिलं. "मामा, तुमच्या म्हाताऱ्याने नंतरही बरंच काही केलंय," म्हणाला. कशीही उलटीपालटी ऐका, असंही म्हणाला. मी म्हटलं, पोथी कोणी मधूनच उघडतं का? पण फुकटातलं अ‍ॅप ओळीने वाजेना, वर दोन गाण्यांच्या मध्ये 'दहा मिनिटांत कर्ज'ची जाहिरात. शेवटी पैसे भाच्यानेच भरले. हे कसलं रॉक, असा वादही त्याने घातला. २००८ मध्ये कोहेनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं होतं, हे त्याच्याच फोनवर दाखवल्यावर थांबला.

जागा आमची पडवी. विरारजवळच्या आगाशीत दिवाळीनंतर चांगलं ऊन पडू लागलं की राजेळी केळी सोलून सुकत घालतात, त्याची सुकेळी होतात. दिवसभर ती राखायची आणि रात्री त्या वासात बसून कोहेन ऐकायचा.

पहिल्या रात्री 'टेन न्यू साँग्ज', २००१चा. दुसऱ्याच गाण्याला ही आतून म्हणाली, "अहो, हा गातोय की पत्ता सांगतोय?" तिचं चूक नव्हतं. माझ्या कॅसेटवरचा आवाज आधीच खाली उतरलेला होता, इथे तो पार तळाला जाऊन बसलाय. वाजंत्री म्हणाल तर लग्नाच्या हॉलमधल्या कीबोर्डसारखी. घरच्या घरीच रेकॉर्ड केलेलं सगळं. शॅरन रॉबिन्सन या गायिकेने त्याच्याबरोबर गाणी रचली, आणि चाल खरं तर तीच गाते; हा तिच्या मागून काठी टेकत चालतो. पण तिसऱ्यांदा ऐकताना मला कळलं की हे सुकेळ्यासारखं आहे. आकसलेलं, काळं पडलेलं, आणि गोडी कुठून आली ते सांगता येत नाही असं.

या अल्बमच्या आधी तो मुंबईत येऊन गेला होता, हे मला माहीतच नव्हतं. १९९४ पासून पाच वर्षं लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरावर झेन मठात राहिला, भिक्षूची दीक्षा घेतली, १९९९ मध्ये खाली उतरला आणि थेट मुंबई गाठली. केम्प्स कॉर्नरला एका साध्या हॉटेलात मुक्काम, आणि रोज सकाळी रमेश बाळसेकरांच्या घरी प्रवचनाला. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियातून वरच्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज खेतवाडीतले, पोटापाण्याला विडीचं दुकान, बोलणं सगळं मराठीत. म्हणजे त्या विडीवाल्याचा मराठी अद्वैतविचार एका बँकवाल्याच्या इंग्रजीतून या ज्यू गवयापर्यंत पोचला. आणि त्याची जन्मभराची उदासी तिथे उतरली, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. मी तेव्हा रोज चर्चगेटला उतरत होतो. बसने पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. समोर आला असता तरी ओळखला नसता म्हणा.

बाळसेकरांचं सांगणं थोडक्यात असं, की कर्ता कोणी नाही. गोष्टी घडतात, करणारा वेगळा नसतो. मग दोषी कोण आणि दोष कुणाला द्यायचा? ऐकायला फार छान. पण आमच्या बुडालेल्या ठेवींच्या तक्रार अर्जात 'गैरअर्जदाराचे नाव' असा रकाना आहे. तिथे काय लिहू? 'घडलं'?

दुसरी रात्र, 'डिअर हेदर', २००४. हा अल्बम मला शांतपणे ऐकताच आला नाही. तो लोकांसमोर आला त्याच सुमाराला उघडकीस आलं की वर्षानुवर्षं त्याचा कारभार पाहणारी मॅनेजर, घरच्यासारखी बाई, त्याचं निवृत्तीचं खातं रिकामं करून बसली होती. सुमारे पन्नास लाख डॉलर गेले. गाण्यांचे हक्कसुद्धा विकून झालेले. म्हणजे मी जे ऐकत होतो ते गळती चालू असतानाचं गाणं होतं. आणि हा? अर्धा झोपेत. बायरनची कविता चालीवर म्हणतो, जुन्या मित्रांना आठवतो, एका गाण्यात तर तेच तेच शब्द यंत्रासारखे पुन्हा पुन्हा उच्चारतो. मी पडवीत बसून मोठ्याने म्हणालो, "अरे, पासबुक भरून आण आधी!" ही बाहेर आली. माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेली. कारण पासबुक मीही भरून आणलं नव्हतं.

आमचं असं झालं. निवृत्तीचे साडेआठ लाख मी एका पतपेढीत ठेवले होते. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. पिग्मी गोळा करणारा मुलगा रोज संध्याकाळी सायकलवरून यायचा. मला भाऊ, हिला वहिनी. ओट्यावर बसून चहा घ्यायचा, पासबुकात स्वतःच्या हाताने आकडे घालायचा. अक्षर इतकं सुंदर की मी ते कौतुकाने इतरांना दाखवायचो. एका सोमवारी गेलो तर शटर खाली, त्यावर कागद: 'तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद'. आतला पंखा चालू होता. हे मी शंभरदा सांगितलं असेल, पण कोणाला त्यातलं काही वाटत नाही. शटरच्या फटीतून मला पंखा फिरताना दिसला. म्हणजे कोणीतरी आत होतं, किंवा जाताना बटण बंद करायलाही थांबलं नव्हतं. आमच्या पैशाचं बिल, चालू राहिलं तर राहिलं! मी दहा वाजल्यापासून दीडपर्यंत तिथे उभा होतो. माझ्यामागे फुलं विकणारी एक म्हातारी. तिचे चाळीस हजार. ती मला विचारत होती, "भाऊ, तांत्रिक म्हंजे काय?" साडेआठ लाखांपेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं, आणि पंखा.

पुढचं सगळं नेहमीचंच. चौकशी, प्रशासक, मग अवसायक, तारखा. एक मात्र सांगून ठेवतो, कारण तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, २०२० पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. पाटीवर 'सहकारी' दिसलं की आपण दोन्ही एकच धरतो. दोन टक्क्यांना भुलू नका. भुलाल, मला माहीत आहे.

कोहेनलाही २००६ मध्ये कोर्टाने लाखो डॉलर भरून देण्याचा निकाल दिला. हातात काही पडलं नाही. मग २००४ नंतर आठ वर्षं नवा अल्बम नाही. ही पोकळी ओळीने ऐकताना जाणवते. एक रात्र मी मुद्दाम काहीच लावलं नाही. या काळात काय केलं त्याने? पोटासाठी बाहेर पडला. २००८च्या मे महिन्यात फ्रेडरिक्टन या लहान शहरातून दौरा सुरू केला, वय त्र्याहत्तर. तीन-तीन तास उभा. वादकाची पाळी आली की हॅट काढून छातीशी धरायची, मध्येच गुडघ्यांवर बसून गायचं. २००९ मध्ये स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला मंचावर कोसळला. काही दिवसांनी पुन्हा उभा. मीही निवृत्तीनंतर बोळींजला एका दुकानात हिशेब लिहायला लागलो. तुलना करत नाही. माझ्या खतावणीला कोणी टाळ्या वाजवत नाही एवढंच. आणि मला त्याचा हेवा वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याचे पैसे बुडाले म्हणून तो जगभर फिरला, बुडाले त्याहून जास्त मिळवले, लोक रडले, उभे राहिले. लुबाडला गेला नसता तर घरीच बसला असता. कधी कधी वाटतं, म्हणूनच शिवी नाही. हिशेब चुकता झाला होता त्याचा.

'ओल्ड आयडियाज' २०१२चा. पहिल्याच गाण्यात कोणीतरी वरून लेनर्डची थट्टा करतंय, असं रचलंय. बरा वाटला. 'पॉप्युलर प्रॉब्लेम्स' २०१४चा, ऐंशीव्या वाढदिवसाच्या आसपास आलेला, जेमतेम छत्तीस मिनिटांचा. त्यात 'नेव्हरमाइंड' नावाचं गाणं आहे. नाव वाचून म्हटलं, आलं, 'जाऊ दे' आलं. पण ते 'जाऊ दे' नाही. हरलेल्या लढाईनंतर ओळख लपवून जगणाऱ्याचं गाणं आहे आणि त्यात दात आहेत. म्हणजे राग होता. फक्त पत्ता वेगळा होता.

पाचवा, 'यू वाँट इट डार्कर', २१ ऑक्टोबर २०१६ला आला आणि ७ नोव्हेंबरला कोहेन गेला. बातमी आपल्याकडे आली ११ तारखेला. नोटाबंदी नुकतीच झाली होती; मी बँकेच्या रांगेत उभा होतो, चार हजारांच्या नोटा बदलायला. रांगेतल्या एका पोराने फोनवर वाचून दाखवलं. आणि सांगायचं म्हणजे त्या रांगेत माझा नंबर लागला होता तो त्याच पिग्मीवाल्या मुलामुळे. माझा गुडघा दुखतो म्हणून पहाटे पाचपासून तो माझ्या जागी उभा होता. त्यानंतर तीन वर्षांनी शटर पडलं. याचं काय करायचं सांगा.

हा अल्बम मुलाने, अ‍ॅडमने, घरी करून घेतला. कोहेनच्या पाठीचे मणके पिचले होते. दवाखान्यातल्यासारख्या खुर्चीत बसून, जेवणाच्या टेबलावर माइक ठेवून तो गायला. मागे मॉन्ट्रियलच्या त्याच्या घराण्याच्या सिनेगॉगमधला गायकवृंद. शीर्षकगीताच्या शेवटी तिथला कॅंटर, म्हणजे प्रार्थना गाणारा, एक हिब्रू शब्द आळवतो, त्याचा अर्थ 'हा मी हजर'. मला शाळेतली हजेरी आठवली, आणि सुनावणीची. तिथे कारकून नाव पुकारतो, मी म्हणतो, "हजर." त्याच्या आवाजात शरणागती आहे असं समीक्षक म्हणतात. मला नाही वाटलं. मला वाटलं, तो वरच्या साहेबाला जाब विचारायला उभा राहिलाय. बाई फार लहान होती त्याच्या तक्रारीला.

पण हे मी रात्री म्हणतो. सकाळी उठून पुन्हा वाटतं, एक तरी शिवी द्यायला हवी होती.

सहावा, 'थँक्स फॉर द डान्स', मेल्यानंतर तीन वर्षांनी, २०१९ मध्ये आला. उरलेल्या आवाजाभोवती मुलाने संगीत बांधलं. मेलेल्या माणसाचं असं काही काढू नये, हे माझं मत. तरी दोनदा ऐकला. अर्ध्या तासाच्या आत संपतो. हिचा भात व्हायच्या आत.

मंगळवारी तारीख आहे. विरारहून सकाळची डहाणू लोकल. भाच्याने 'डिअर हेदर' फोनमध्ये उतरवून ठेवलाय, तोच पुन्हा ऐकेन म्हणतो. हिने थर्मास काढून ठेवलाय, आणि एक कप जास्त. तो पिग्मीवाला मुलगाही येणार आहे. त्याचे स्वतःचे, आईचे, सासऱ्यांचे, सगळे तिथेच अडकलेत. बाकडी दोनच असतात आणि म्हातारे पुष्कळ. मागच्या वेळी माझ्यासाठी जागा त्यानेच धरली होती, मी काही न बोलता बसलो.