समुद्र नावाचा तलाव आणि एक नावाडी

आमच्या कंधारला समुद्र आहे. हसू नका, खरंच आहे. राष्ट्रकूटांच्या काळातला हा तलाव, नाव जगतुंग समुद्र. बाहेरगावच्या पाहुण्याला हे नाव सांगितलं की तो आधी तलावाकडे बघतो आणि मग आपल्या तोंडाकडे!

पाण्याचं मोठेपण आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. २०१६चा एप्रिल आठवतो? मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. जवळपास साडेतीनशे किलोमीटरवरून पिण्याचं पाणी! त्या दिवसांत आमच्या भागात बोलणं एकच, टँकर कधी येणार.

आणि त्याच महिन्यात दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथे दत्तू भोकनळ नावाचा मराठी पोरगा होडी वल्हवून रिओ ऑलिम्पिकसाठी पात्र ठरला. गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. नाशिक म्हटलं की द्राक्षं आणि गोदावरी आठवते, पण चांदवडचा तो पट्टा आपल्यासारखाच कोरडा. वडील विहिरी खोदायचे आणि हाही त्यांच्या हाताखाली तेच काम करायचा. पाण्याशी संबंध काय तो एवढाच, की ते जमिनीत खोल कुठेतरी असतं आणि लागलं तर लागतं.

२०११ मध्ये वडील गेले, २०१२ मध्ये हा फौजेत भरती झाला. उंची बघून त्याला पुण्यात नौकानयनाला घेतलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची म्हणे. वाटणारच. विहिरीत उतरणाऱ्याला पाण्याची भीती असते, ती पोहणाऱ्याला कळायची नाही.

ही एकट्याची होडी म्हणजे गंमतच असते. वजन जेमतेम चौदा किलो, लांबी आठ मीटरच्या आसपास, रुंदी माणूस कसाबसा मावेल एवढी. दोन हातांत दोन वल्ही. बसायची पाटी रुळांवर पुढेमागे सरकते, त्यामुळे खरा जोर हातांचा नाही, पायांचा. अंतर २००० मीटर. आणि तोंड उलट्या दिशेला! शर्यतीचा शेवट पाठीमागे असतो, दिसतात ती आपण मागे टाकलेली माणसं. तुम्ही शेवटचे असाल तर समोर फक्त पाणी.

दत्तू परदेशी जात होता तेव्हा घरी काय चाललं होतं? अपघातात डोक्याला मार बसून आईची स्मरणशक्ती गेली होती. पोरगा ऑलिम्पिकला निघाला, हे जिला सगळ्यात आधी सांगायचं तिलाच ते उमजणार नाही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त अडकायला होतं. परदेशात गेलेल्या माणसाचं निम्मं मन घरच्या फोनमध्ये असतं. तिकडून कोणी ओळखणारंच नसेल तर?

रिओत तो उपांत्यपूर्व फेरीत चौथा आला. पहिले तिघेच पुढे गेले. मग खालच्या क्रमांकांसाठीच्या शर्यती झाल्या, त्यातली शेवटची त्याने जिंकली आणि एकूण तेरावा आला. वर्तमानपत्रांत 'पदक हुकले' असं येतं आणि आपण पान उलटतो. मला मात्र ती शेवटची शर्यत फार महत्त्वाची वाटते. पदक नाही हे ठाऊक असताना सात मिनिटं छाती फुटेस्तोवर वल्हवायचं कशासाठी?

पुढे २०१८च्या आशियाई स्पर्धेत, इंडोनेशियातल्या पालेंबांगला, एकेरीत हा आजारी अंगाने उतरला आणि शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या होडीत सुवर्णपदक! २०२० मध्ये अर्जुन पुरस्कारही मिळाला.

आमच्याकडे कुणी पोरगं म्हणालं की मला होडी शिकायचीय, तर घरचे आधी विचारतील, नोकरी लागते का त्यात? प्रश्न चुकीचा नाही. दत्तूला आधी फौजेची नोकरी लागली, होडी मागून आली. पण फौजेनं उंची मोजली नसती तर? आमच्या तालुक्यात उंच पोरं काही कमी नाहीत. समुद्रही आहे.