आधी मावशीकडे, मग जग!

बॅग भरून झाली. वजन केलं, साडेअकरा किलो. दोन महिन्यांच्या ट्रिपला एकदम परफेक्ट! आणि तेवढ्यात आई आजीचा पितळी खलबत्ता घेऊन समोर उभी.

‘हा मावशीला दे.’

‘आई, मी बॅकपॅकिंगला चाललेय. सिंगापूर, मलेशिया, थायलंड. सगळं पाठीवर!’

‘मावशीकडेच ठेवायचाय ना? मग पुढे कुठे वाहायचाय तुला?’

या लॉजिकला तोड नव्हती. खलबत्ता टी-शर्टांत गुंडाळून तळाशी गेला. त्याच्यासाठी हेअर ड्रायर आणि एक जाडजूड कादंबरी घरी राहिली.

परदेशात कुठेही जा, आपल्याकडे सुरुवात नातेवाइकांपासूनच होते. हॉटेलचे पैसे वाचतात, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि नातेवाइकांना बाकरवडी मिळते. थोडक्यात, विन-विन! आमच्या केसमध्ये मात्र थोडा लोचा होता. आई आणि मावशी एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या. २०२१ च्या मे महिन्यात आजी गेली आणि मावशी येऊ शकली नाही. आई रागाच्या भरात फोनवर म्हणाली, ‘तुला यायचंच नव्हतं.’ त्यानंतर फक्त सणावारी व्हॉट्सअॅपवर फुलांचे फोटो. २०२२ मध्ये मावशी येऊन गेली, भेटल्याही दोघी, पण तो विषय कुणी काढलाच नाही.

मावशी राहते वूडलँड्सला, सिंगापूरच्या उत्तर टोकाला. अकराव्या मजल्यावरचा एचडीबी फ्लॅट. एचडीबी म्हणजे आपल्या म्हाडाची थोरली बहीण समजा. १९६० मध्ये सुरू झालेल्या या सरकारी मंडळाच्या घरांत आज देशातले पाचातले साधारण चार रहिवासी राहतात. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलाय, भारतीय यांचं प्रमाण ठरलेलं असतं, म्हणजे एकाच समाजाची वेगळी वस्ती होत नाही. मावशीच्या डावीकडे मलाय कुटुंब, खालच्या मजल्यावर चिनी आजी. लिफ्टमध्ये भेटणारी प्रत्येक मोठी बाई ‘आंटी’. आपल्याकडच्या ‘काकू’सारखंच!

खलबत्ता बघून मावशी काहीच बोलली नाही. हातात घेतला, बत्ता उचलून पाहिला आणि ओट्यावर मिक्सरच्या शेजारी ठेवला. ‘चल, खाली कोपी पिऊन येऊ.’

इथली कोपी म्हणजे दाट कॉफी आणि कंडेन्स्ड मिल्क. ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची, शेवटी ‘कोसोंग’ जोडलं की बिनसाखरेची. टेबल पकडायचं तर त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं. बास! त्याला ‘चोप’ करणं म्हणतात. आपण रुमाल टाकून एसटीतली सीट धरतो, सेम टु सेम. इथल्या हॉकर सेंटरच्या संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आपल्या रुमालाला कधी मिळणार, बघू.

परत येताना मावशी बिल्डिंगच्या तळमजल्यावर थांबली. इथे तळमजला मोकळा सोडतात, त्याला ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. त्याच जागेत मलाय लग्नं होतात आणि चिनी अंत्यविधीही. दगडी टेबलाशेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘आई गेली तेव्हा मी इथे बसले होते. वर ह्याचे ऑनलाइन क्लास चालू. घरात राहवेना. तुझ्या बाबांनी व्हिडिओ कॉल लावला होता. मध्येच नेट गेलं. परत लागलं तोवर सगळं आटोपलं होतं.’

मला काय बोलावं सुचेना. गर्दीत घुसून लोकांना प्रश्न विचारायचं शिक्षण घेतलंय मी, पण मावशीला काय विचारणार?

मग तिनेच सांगितलं. २०२१ च्या एप्रिलअखेर सिंगापूरने भारतातून येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या पासधारकांना प्रवेश बंद केला होता. ती तेव्हा पासवरच होती. भारतात जाता आलं असतं, पण परत कधी येता येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मुलगा सहावीत, वर्षअखेरीला पीएसएलई, म्हणजे इथली प्राथमिक शाळेची शेवटची मोठी परीक्षा. ‘ताईला हे सांगितलंच नाही मी. कारण सांगितलं की सबब वाटते गं.’

हे मी आईला कळवायचं का? रात्रभर विचार केला आणि ठरवलं, नाही. निरोप्याचं काम खलबत्त्यापुरतंच.

चौथ्या दिवशी सकाळी निघायची तयारी. मावशी चहासाठी वेलची कुटत होती. खलबत्त्याखाली घडी घातलेला टॉवेल, खालच्या चिनी आजींना आवाज नको म्हणून. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे आई नुकतीच उठली होती. मी फोन ओट्यावर उभा केला आणि बुटांची लेस बांधायला बाहेर गेले. (होय, मुद्दाम!)

बराच वेळ नुसता ठक ठक आवाज. मग आईचा. ‘सालं काढू नकोस. आई सालासकट कुटायची.’

‘माहितीये मला. माझीपण आई होती ती.’

पुन्हा शांतता. मग आई हळूच म्हणाली, ‘टॉवेल कशाला घातलायस खाली?’

मावशीने चिनी आजींबद्दल सांगितलं. तिथून गाडी त्या आजींच्या गुडघ्यांवर, आईच्या गुडघ्यांवर आणि साताऱ्याच्या घरात गळणाऱ्या कौलांवर गेली. २०२१ चा विषय निघाला नाही. कदाचित पुढच्या कॉलला निघेल. चाळीस मिनिटं मी बूट घालून दारात बसून होते.

मग बस पकडली. वूडलँड्सहून जोहोर बाहरूला जाणारा कॉजवे जेमतेम एक किलोमीटरचा. खाली सामुद्रधुनी, पलीकडे मलेशिया. माझी ट्रिप खरं तर आता सुरू होत होती. बॅग खलबत्त्याच्या वजनाने हलकी झाली होती, पण वरच्या कप्प्यात मावशीने आईसाठी एक डबा कोंबला होता. दोन महिने पाठीवर वाहायचा होता तो. मी एका शब्दाने तक्रार केली नाही.

जाणार असाल तर...
* भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा आधीच काढावा लागतो. अरायव्हल कार्ड मात्र सरकारी साइटवर फुकट भरता येतं, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.
* मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली. अशा सवलती मुदतीच्या असतात, निघण्यापूर्वी तपासा.
* कॉजवेवर दोन्ही बाजूंच्या इमिग्रेशनला सगळं सामान घेऊन उतरावं लागतं. बस तुमच्यासाठी थांबत नाही. त्याच नंबरची पुढची पकडायची.