पंचतारांकित गावची दुसरी यत्ता

कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघालात, की कागल गाव येण्याआधी लक्ष्मी टेकडी लागते. तेथून डाव्या हाताला वळले की आमची वसाहत सुरू होते. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत, असे तिचे भारदस्त नाव आहे. यजमान तेथल्या एका कापडगिरणीत हिशेब सांभाळतात आणि मी जवळच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. लग्नानंतर पुण्याच्या मावशीला हा पत्ता कळवला, तेव्हा तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा : “पंचतारांकित? मग भाडं कसं परवडतं गं तुम्हांला?”

मावशीचे काही चुकले नाही. पण आमचे तारे हॉटेलाचे नव्हेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. पुढे त्याने ज्या मोठाल्या वसाहती आखल्या, त्यांतल्या काहींना ही पदवी मिळाली. नागपूरजवळची बुटीबोरी, छत्रपती संभाजीनगरजवळची शेंद्रा आणि आमची ही. रुंद रस्ते, पाणी, वीज अशा सोयींचे हे तारे. एरवी येथे दिसायचे काय, तर लोखंडाच्या ओतशाळा, सुताच्या आणि कापडाच्या गिरण्या, आणि कुंपणाला लागून उसाचे फड. एका अंगाला चांदीच्या दागिन्यांचे हुपरी, दुसऱ्या अंगाला भंडाऱ्याने पिवळे होणारे पट्टणकोडोली. दुपारी तीनला पाळी सुटली, की लक्ष्मी टेकडीच्या थांब्यावर माणसांची नुसती रीघ लागते.

त्या रिघेत एक चेहरा मला बरीच वर्षे दिसत असे. माझाच जुना विद्यार्थी. तो लांबूनच हात जोडी. मीही मान हलवी, आणि घाईचे काही काम असल्यासारखी पुढे निघून जाई. काम काही नसे. त्याचे कारण पुढे येईलच.

आता या गावच्या बाईला फ्रेंच शिकायचे खूळ कोठून लागले, असे कोणी विचारील. ते खूळ मराठीनेच लावले. आपल्या भाषेचा पहिला मोठा शास्त्रशुद्ध इतिहास कोणी लिहिला, तर ज्यूल ब्लॉक नावाच्या एका फ्रेंच पंडिताने; आणि लिहिला तोही फ्रेंचमध्ये. १९२० साली तो पॅरिसला प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने त्याचे भाषांतर केले, म्हणून आमची एम. ए.ची परीक्षा पार पडली. ग्रंथाच्या शेवटी शब्दांचा एक कोश आहे. आपल्या रोजच्या तोंडातला शब्द प्राकृतातून मागे मागे कोठवर जातो, त्याचा माग त्यात काढलेला आहे. तेव्हापासून मनात होते, की एकदा हे पुस्तक त्या माणसाच्या भाषेत वाचावे. परक्याने आपल्या आईचे चरित्र लिहावे आणि आपल्याला ते उसन्या चष्म्याने वाचावे लागावे, याची मला चुटपुट लागून राहिली होती.

दोन हिवाळे रोज रात्री भांडी आवरल्यावर संगणकापुढे बसून शिकले. क्रियापदे पाठ केली, व्याकरणाच्या वह्या भरल्या. आणि साठवलेल्या पैशांना एकदाच हात घालून २०२३ सालच्या मे महिन्यात, कॉलेजची सुट्टी लागताच, चार आठवड्यांसाठी फ्रान्समधल्या व्हिशी या गावी गेले. निघताना यजमान एवढेच म्हणाले, “जा, पण येताना व्याकरण घेऊन येऊ नकोस. घरात आहे तेवढं पुष्कळ आहे.”

पॅरिसहून आगगाडीने सुमारे तीन तासांवर आलिये नदीच्या काठी हे गाव आहे. औषधी पाण्याच्या झऱ्यांसाठी ते जुन्या काळापासून प्रसिद्ध. ज्यांची पत्रे फ्रेंच वाङ्मयात आजही अभ्यासली जातात, त्या मादाम द सेव्हिन्ये १६७६ साली येथे उपचाराला आल्या होत्या. १९४० ते १९४४ या काळात जर्मनांपुढे नमलेल्या फ्रेंच सरकारचे बस्तान येथे होते, आणि तो डाग गावाच्या नावाला चिकटला. पण गाव मोठे देखणे. २०२१ साली युरोपातल्या थोर स्नानतीर्थांबरोबर त्याची जागतिक वारशात गणना झाली. झऱ्यांच्या बागेभोवती लोखंडी छताचा लांब सोपा आहे. त्याचे लोखंड पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनातून येथे आणलेले. त्याखालून फिरताना मला प्रथम आठवली ती आमची ओतशाळा! माणूस आपले गाव ट्रंकेत घालून नेतो, म्हणतात ते खोटे नाही.

येथे १९६४ पासून परदेशी माणसांना फ्रेंच शिकवणारी एक नामांकित संस्था चालते. पहिल्या दिवशी परीक्षा. हल्ली युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात. ए-१, ए-२, मग बी-च्या दोन आणि सी-च्या दोन. २००१ पासून ही मोजणी रूढ झाली आहे. लेखी पेपर मी असा सोडवला, की मनात म्हटले, बी-च्या खाली आपण येत नाही. मग तोंडी परीक्षा झाली. समोरच्या तरुण मुलीने हसून विचारले, “प्रवास कसा झाला?” बस्स! दोन हिवाळ्यांची क्रियापदे एकदम दाराशी आली आणि चेंगराचेंगरी होऊन एकही बाहेर पडेना. संध्याकाळी फलकावर नाव पाहिले : ए-२. म्हणजे दुसरी यत्ता. वीस वर्षे शिकवणारी बाई दुसरीत! आणि माझ्याच बरोबर आलेली पुण्याची एकोणीस वर्षांची पोरगी खांद्यावर पिशवी उडवीत बी-२ च्या वर्गाकडे गेली.

आमच्या दुसरीत एक निवृत्त जपानी आजोबा होते, कोलंबियाची एक परिचारिका होती, लिबियाचा एक तरुण डॉक्टर होता. शिकवायला येणाऱ्या बाईंना सगळे ‘मादाम’ म्हणत. माझी मुले मला ‘मॅडम’ म्हणतात, ते आठवून उगीचच अवघडल्यासारखे झाले. मादामनी सांगितले, “आपण राहता त्या जागेविषयी बोला.” माझी पाळी आली. मी धीर करून म्हटले, “मी एका पंचतारांकित वसाहतीत राहते.” वर्ग थक्क झाला. कोलंबियाच्या बाईने विचारले, पोहण्याचा तलाव केवढा आहे? जपानी आजोबांनी अदबीने मान लववली.

मग खुलासा करणे आले. गिरण्यांपर्यंत कसेबसे पोचले, पण ओतशाळेला शब्द सापडेना. मी म्हटले, “एक घर... तेथे लोखंड... लोखंडाचे पाणी करतात... आणि ते पाणी...” आणि थांबले. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मला वाटले, आता मादाम शब्द सांगतील, वाक्य दुरुस्त करतील, एकदाची सोडवणूक होईल. त्या काही बोलल्या नाहीत. खडू हातात तसाच धरून, माझ्याकडे पाहत, त्या स्वस्थ उभ्या राहिल्या. कोणी हसले नाही. “...ते पाणी वाळूच्या साच्यात ओततात. मग त्याचे यंत्र होते,” असे म्हणून मी खाली बसले, तेव्हा कपाळावर घाम होता. नंतर मादामनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘फोंदरी’, आणि म्हणाल्या, “हा शब्द आज आपल्याला हिंदुस्थानातून मिळाला.” माझ्या चुका? त्या त्यांनी टिपून घेतल्या होत्या. तास संपताना सगळ्यांच्या चुका एकत्र, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर आल्या.

त्या संध्याकाळी नदीकाठी बसले होते. नऊ वाजले तरी उजेड होता. आणि वर्गातल्या त्या शांततेत मला लक्ष्मी टेकडीवरचा तो चेहरा दिसू लागला.

त्याचे असे झाले. तो बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होता. तळंदग्याकडून सायकलने येई. एकदा निबंध वाचायला मी त्याला उभे केले. विषय होता ‘आमची विहीर’. त्याने वाचले, “आमच्या हिरीला उन्हाळ्यात पानी...” मी म्हटले, “पाणी. ण बाणाचा.” त्याने पुन्हा सुरुवात केली. “कोनबी...” “कोणीही.” तिसऱ्यांदा मी थांबवले, तेव्हा वर्गात खसखस पिकली. तो जरा वेळ उभा राहिला, वही मिटली आणि बसला. महिन्याभराने त्याने कॉलेज सोडले. घरची ओढाताण होती, हे खरे. पण त्या तीन थांबवण्यांचा त्यात काहीच वाटा नव्हता, असे मी स्वतःला कधी सांगू शकले नाही.

आणि गंमत पाहा. कागल हे आनंद यादवांचे गाव. त्यांच्या १९८७ सालच्या ‘झोंबी’ला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिक्षणासाठी झगडणाऱ्या पोराची ती कहाणी मी दर वर्षी रंगवून शिकवते आणि या मातीतल्या बोलीचा गौरव करते. पुस्तकातली बोली मला साहित्य वाटत होती. बाकावरची बोली मात्र अशुद्ध!

ब्लॉकच्या वाटेने जाऊन विचार केला, तर आणखीच ओशाळायला होते. ‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’वरून आला. मुळात न आहे. प्राकृतात त्याचा ण झाला आणि तो आम्ही शिरोधार्य मानला. उद्या कोणी संस्कृत पंडित उठून मला म्हणाला, “बाई, ण नव्हे, न!” तर मी काय उत्तर देणार होते? प्रमाण भाषा शिकवू नये असे मी म्हणत नाही. ती पोरांना परीक्षेत आणि नोकरीत लागतेच. पण ती केव्हा शिकवायची, वाक्य चालू असताना की वाक्य संपल्यावर, हे मला व्हिशीच्या दुसरीत कळले.

पुढचे आठवडे भर्रकन गेले. मी जिच्याकडे उतरले होते, त्या आजीबाईंनी एकदा ल प्युईची प्रसिद्ध हिरवी मसूर आणली. मी ती घरच्या चटणीचा तिखट हात लावून अख्ख्या मसुरासारखी केली. आजींच्या डोळ्यांतून पाणी आले, पण ताटली त्यांनी पावाने पुसून लख्ख केली. चौथ्या आठवड्याला मी ओतशाळेवर दहा मिनिटे बोलले. चुका एकवीस. वर्ग मात्र तोच, ए-२.

जूनच्या मध्याला परत आले. दुसऱ्याच दिवशी तीन वाजता लक्ष्मी टेकडीवर जाऊन उभी राहिले. त्याने लांबून हात जोडले. या खेपेला मी त्याच्याकडे चालत गेले. तो आता एका ओतशाळेत रस ओतणाऱ्या टोळीचा मुकादम आहे. मी फ्रान्सला जाऊन आल्याचे सांगितले, तर त्याने मिस्किलपणे विचारले,

“तिकडं कितवीत घातलं मॅडम तुमास्नी?”

“दुसरीत.”

तो मोकळेपणाने हसला. मी म्हटले, “मला तुझी ओतशाळा पाहायची आहे. तिकडे तिच्यावर भाषण करून आले, आणि आतून कधी पाहिलीच नाही.”

मालकांची परवानगी काढून त्याने पुढच्याच आठवड्यात मला नेले. भट्टीतून लालभडक रस मोठ्या भांड्यात आला. वाळूच्या साच्यांची रांग मांडलेली होती. तो पुढे झाला आणि धार सोडली ती साचा काठोकाठ भरेपर्यंत खंड पडू दिला नाही. घाम पुशीत माझ्याजवळ आला आणि समजावून सांगू लागला.

“एका दमात वताय लागतंय मॅडम. मधी हात थांबला, की आधी वतल्यालं निवतंय आन् नंतरचं त्येला एकजीव व्हईत न्हाई. सांधा ऱ्हातोय. वरनं काय दिसत न्हाई बघा, पर जॉब वाया जातोय.”

मी बराच वेळ काही बोलले नाही. मग म्हटले, “तुझा विहिरीवरचा निबंध ऐकायचा राहिला माझा.”

“कवाचं काय काढलासा मॅडम! मी इसरलो बी.” तो साच्यांकडे पाहू लागला. नंतर हळूच म्हणाला, “तीन येळा थांबिवलासा.”

“हो. तीन वेळा.”

एवढेच आमचे बोलणे झाले. पण ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवशी तो माझ्या वर्गात आला. विहिरीचा निबंध त्याच्यापाशी नव्हता. तो ओतशाळेवर बोलला. पहिल्या वर्षाची मुले वीस मिनिटे कान टवकारून ऐकत होती. वाळूला किती वल लागते ते सांगताना तो म्हणाला, “जास्त पानी घातलं, की साच्यात वाफ कोंडती.” सवयीने माझे ओठ हलले. मी खडू हातात घट्ट धरला आणि स्वस्थ उभी राहिले.

ब्लॉकचे पुस्तक आता मूळ फ्रेंचमध्ये माझ्या टेबलावर असते. शब्दकोश शेजारी घेऊन रोज अर्धे पान होते. मावशी फोनवर विचारते, “आलं का गं फ्रेंच?” मी सांगते, अजून दुसरीतच आहे. आणि खरे सांगते वाचकहो, तेथून वर चढवण्याची मला काही घाई नाही.